गॅरेजला अगरबत्ती

वाघमारे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गॅरेजच्या बंद शटरला अगरबत्ती ओवाळत होते. स्टुटगार्टमधली नोव्हेंबरची सकाळ, चढाची गल्ली, आणि त्यांच्याकडे जेवायला बोलावलेला मी हातात मिठाईचा पुडा घेऊन उभा. विद्यापीठात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे शिकल्या-सवरलेल्या लोकांच्या घरी कसं वागायचं असतं याची मला नेहमी धास्ती असे. समोरचा करेल तसं करायचं, एवढंच मी ठरवून टाकलं होतं. म्हणून मी बूट काढले आणि हात जोडून त्यांच्या मागे उभा राहिलो. फरशी इतकी गार होती की पाय आपले आहेत की नाहीत ते कळेना. काका अगरबत्ती घेऊन शटरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले, खाली वाकले, मग टाचा उंचावून वरपर्यंत पोचले. शेवटी वळून त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं.

"अरे, वंदना नाही चाललेली. वारा शोधतोय. धूर कुठं वाकतो ते बघ. आधी गळती, मग गरमी."

समोरच्या घरातल्या फ्राऊ श्मिटसुद्धा खिडकीतून मोठ्या अदबीनं बघत होत्या. त्यांचा गैरसमज मात्र काकांनी दूर केला नाही. म्हणाले, राहू दे, तेवढ्यानं तरी त्या आपल्या गॅरेजसमोर गाडी लावत नाहीत.

काका मूळचे वर्ध्याचे. इथं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. हिवाळ्यात गाडीत बसलेल्या माणसाच्या पायांपर्यंत ऊब कशी पोचवायची, यातच त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. जगातल्या कितीतरी अनोळखी लोकांचे पाय त्यांनी गरम केले होते. स्वतःचं गॅरेज मात्र त्यांना जमत नव्हतं.

गॅरेज गरम करायचं होतं ते मित्रासाठी. मित्रा म्हणजे संघमित्रा, त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेच्या शेवटच्या वर्षात. कुणाच्या तरी अंगणात गंजत पडलेली जुनी स्कूटर तिनं उचलून आणली होती आणि स्वतःच्या हातांनी ती दुरुस्त करत होती. काका तिचे मदतनीस. पाना द्यायचा, बोल्ट सांभाळायचे, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पण थंडी वाढली तशी मित्राची बोटं लवकर बधिर होऊ लागली. ती पाना ठेवायची आणि वर आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. पुढच्या वर्षी ती शिकायला हॅम्बुर्गला जाणार होती. आणि आता ती म्हणत होती की मैत्रिणीच्या वडिलांचं वर्कशॉप छान गरम असतं, नाताळच्या सुट्टीत स्कूटर तिकडेच नेते. म्हणजे काकांच्या हातात नाताळपर्यंतचाच वेळ होता.

दुसरा कुणी बाजारात जाऊन हीटर घेऊन आला असता. काकांनी गॅरेजमध्ये थर्मामीटर टांगले. एक शटरजवळ, एक छताला, एक जमिनीलगत, आणि एक स्कूटरच्या हँडलला. दर रविवारी त्यांचे आकडे घेण्याचं काम माझ्याकडे आलं, बदल्यात काकूंच्या हातचं जेवण. मला हा व्यवहार फार आवडला. एक तर आमच्या अभ्यासक्रमात उष्णतेचाच विषय होता, आणि मेसमधले बटाटे खाऊन मी कंटाळलो होतो.

पहिल्यांदा गॅसच्या हीटरचा विचार झाला. काकांनी तो नापास केला. बंद जागेत ज्योत नको, शिवाय ज्योत वाफ सोडते, हत्यारं गंजतील. मग लाकडाची शेगडी. तिच्यासाठी इथं धुराडी तपासणाऱ्या माणसाची परवानगी लागते. तो एका शनिवारी आला, काळे कपडे, काळी टोपी, खांद्यावर झाडू. त्याला पाहताच फ्राऊ श्मिट धावत आल्या आणि त्यांनी त्याच्या बाहीला हात लावून घेतला. त्याला शिवलं की नशीब उघडतं म्हणे. काकू दारातून म्हणाल्या, "बघा, आमचाच अगरबत्तीवाला परवडला." त्या माणसानं गॅरेज पाहिलं, स्कूटर पाहिली, आणि पेट्रोलचं वाहन असेल तिथं शेगडी अजिबात नाही असं सांगून दोन वाट्या चिवडा खाऊन गेला. काकांना हे आधीपासून ठाऊक होतं. मी चाचरत विचारलं, मग बोलावलं कशाला? तर म्हणाले, "आल्झो, म्हणजे कसं, खात्री केलेली बरी."

काकूंचा धीर सुटत चालला होता. "अहो, मला बघायला आलात तेव्हा तर एका दुपारात होकार दिलात."

"तेव्हा गणित सोपं होतं," काका म्हणाले. "गळतीच नव्हती कुठं."

काकू हसू दाबत आत गेल्या.

नंतर पंख्याचा हीटर आला. तो चांगला गरम करायचा, पण विमानासारखा घोंघावायचा. मित्रा काहीतरी बोलली, काका जर्मनमध्ये "काय?" म्हणून ओरडले, ती पुन्हा बोलली, हे पुन्हा ओरडले. मग तिनं बोलणंच सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी तो परत केला. गॅरेजमध्ये आवाज झाला तर बिघडतं कुठं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

शेवटी मीच मनावर घेतलं. आठवडाभर बसून हिशेब मांडला: फटी बुजवायच्या, शटरला आतून फोमचे तक्ते लावायचे, आणि तेल भरलेला एक मोठा विजेचा रेडिएटर ठेवायचा. ज्योत नाही, आवाज नाही, सगळं गॅरेज घरासारखं ऊबदार. काकांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "गेनाऊ. अगदी. उत्तर बरोबर आहे." विद्यापीठात मला असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी गावी फोन करून आईला सांगितलं. तिला रेडिएटर म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती खूश झाली.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी उत्सुकतेनं गेलो. फटी बुजलेल्या होत्या. पण रेडिएटर नव्हता, तक्तेही नव्हते. स्कूटरच्या बाजूच्या भिंतीवर चहाच्या ट्रेपेक्षा थोडी मोठी पांढरी पाटी लावलेली होती. इन्फ्रारेड हीटर. ती हवा तापवत नाही, समोर बसलेल्याला तेवढी ऊब देते.

मित्रा हात धुवायला वर गेली होती. मी शटरजवळचा थर्मामीटर वाचला. तिथं चार अंश होते. मी अडखळत म्हणालो, "काका, यानं गॅरेज गरम होणार नाही. भिंती तशाच गार राहतील."

"भिंतींना कुठं थंडी वाजते?"

"पण माझं उत्तर..."

"बरोबरच आहे रे तुझं." काकांनी दोन स्टुलं पाटीसमोर ओढली आणि एकमेकांना चिकटवून ठेवली. "सगळं गॅरेज गरम झालं की तिच्या मैत्रिणी इथं येतील, आणि मी वर टीव्हीसमोर. या पाटीपुढं दोनच स्टुलं मावतात. मोजून बघितलंय मी."

तेवढ्यात मित्रा आली. स्टुलावर बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली की पाठ मस्त गरम होतेय, स्कूटर इथंच राहू दे. काका फक्त "बरं, बरं" म्हणाले आणि पाने उगाच पुसत बसले.

मी शटरजवळ उभा होतो. तिथं गारठा होता, पण निघावंसं वाटेना. मित्रा कार्ब्युरेटर उघडून बसली होती आणि काका तिच्या खांद्याला खांदा लावून टॉर्च धरत होते. ती बोलत होती, हॅम्बुर्गमधल्या खोल्यांबद्दल, तिथल्या बंदराबद्दल, एका मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल. काकांनी एकदाही गळतीचं नाव काढलं नाही. ऐकता ऐकता त्यांचा हात सरकत गेला, आणि टॉर्चचा उजेड कार्ब्युरेटर सोडून तिच्या चेहऱ्यावर पडला. मित्रानं मान वर न करता त्यांचं मनगट धरलं आणि उजेड परत जागेवर आणला.

थोड्या वेळानं तो पुन्हा सरकला.