उणे साइनची अंगाई

सूनबाई दार ओढून घेऊन परीक्षेला निघाली तेव्हा तिच्याजवळ तीन पेनं, पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि दांडगा आत्मविश्वास होता. शिवाय घराची किल्लीही होती. सासूबाई ठकीला बाबागाडीत घालून बागेत गेल्या आहेत, दुसरी किल्ली नवऱ्याच्या खिशात आहे आणि नवरा कामावर आहे, या तीन गोष्टी तिला वेगवेगळ्या माहीत होत्या. त्यांची बेरीज तेवढी राहून गेली. पेपर कॅल्क्युलसचा होता, बेरजेचा नव्हता.

पहिल्या सत्राचा हा पेपर तिनं दोन वर्षांपूर्वीच द्यायचा होता, पण त्याच आठवड्यात ठकी जन्माला आली. तेव्हा विद्यापीठानं पोटाकडे बघून सवलत दिली होती. यंदा मात्र पत्र आलं होतं : या खेपेला विषय सुटला नाही, तर नाव पटावरून कमी. सूनबाईनं ते पत्र ठकीच्या लंगोटांच्या कपाटाला आतून चिकटवलं, म्हणजे दिवसातून आठ वेळा नजरेला पडेल.

अभ्यासाला वेळ म्हणजे ठकी निजेल तेवढा, आणि ठकी गाण्याशिवाय निजत नसे. मग सूनबाईनं दोन्ही कामं एकाच दोरीला बांधली. पाठ करायची सूत्रं तिनं चालीत बसवली :

साइन गेली, कॉस आली, नीज गं ठके नीज,
कॉस गेली, उणे साइन, नीज गं ठके नीज,
स्थिरांकाचं शून्य झालं, नीज गं ठके नीज.

कॅल्क्युलसमध्ये एका राशीवरून दुसरी काढायची असते. साइनवरून कॉस मिळते, पण कॉसवरून काढताना साइनच्या आधी उणेचं चिन्ह लागतं. ते विसरलं की सगळं मुसळ केरात. चार महिन्यांत सूनबाईची सूत्रं पक्की झाली आणि ठकीची झोपही. 'शून्य झालं' म्हणेस्तोवर पोर गाढ.

गाणं सासूबाईंनीही उचललं होतं, फक्त त्यातलं 'उणे' त्या गाळत.

"आई, ते उणे हवं हो तिथं."

"निजणाऱ्या लेकराच्या कानात उणं कशाला घालायचं? सगळं पुरतं असावं. साइन तर साइन!"

"पण गणित चुकतं ना!"

"अगं, ती दोन वर्षांची आहे. चुकलं तर चुकलं. पुढल्या वर्षी देईल पेपर."

सूनबाई हसली होती. दुपारी निजवायला ती स्वतःच घरी असे, तेव्हा सासूबाईंच्या गाण्याची कधी परीक्षाच झाली नाही.

पेपर हाती पडला तशी सूनबाई खुलली. पहिले तीन प्रश्न तिनं भाजी निवडावी तसे निवडून टाकले. चौथा वीस गुणांचा : झोक्याची जागा कॉसनं दिली आहे, वेग काढा. 'ये, तुझीच वाट बघत होते,' असं मनाशी म्हणत तिनं ऐटीत उणे साइन लिहिलं.

तेवढ्यात बाहेरून बाबागाडीचं चाक कुरकुरलं. ते चाक तिनं हजार चाकांत ओळखलं असतं.

"किल्ली घेऊन गेली हो आमची सून," सासूबाई शिपायाला सांगत होत्या. "एवढा निरोप द्या आत."

"पेपर सुटल्याशिवाय नाही, आजी. बसा त्या बाकावर."

"बसते की. मला मेलीला कुठं पेपर लिहायचाय!"

सूनबाईनं वर पाहिलं. घड्याळात बारा वाजले होते, म्हणजे ठकीची झोपेची वेळ. उकाड्यामुळे वर्गाचं दार सताड उघडं. आणि व्हायचं तेच झालं. आधी ठकीचं रडं, मग चाकाची कुरकुर, आणि मग सासूबाईंचा खणखणीत आवाज :

"साइन गेली, कॉस आली, नीज गं ठके नीज…"

सव्वीस पेनं एकदम थांबली.

"कॉस गेली, साइन आली, नीज गं ठके…"

"ऊंऽऽऽ!" ठकी दचकून उठली. पोरीच्या कानाला तिथं उणेची सवय. ते आलं नाही, तशी पायरी चुकल्यासारखी ती जागी झाली. सासूबाईही हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच 'ऊंऽऽ'. पुन्हा पहिल्यापासून.

वर्गावर देखरेखीला इतिहासाच्या बाई होत्या. त्यांना साइन काय आणि कॉस काय! "किती गोड आवाज आहे," त्या डोळे मिटून म्हणाल्या. इकडे वर्गात माना वर-खाली होत होत्या, पेनं सरसर चालत होती. सूनबाईच्या जिभेच्या टोकावर एक शब्द नाचत होता. तो ओरडून सांगितला असता तर ठकी त्या क्षणी झोपली असती. पण भर परीक्षेत उत्तर ओरडणारीचं नाव पटावर राहतं थोडंच? तिनं पेनाचं टोपण चावलं. अकराव्या वेळी ते तुटलं.

शेवटची दहा मिनिटं उरली असताना गणिताचे सर आले. 'पायऱ्या दाखवा, पायऱ्या दाखवा' असा घोशा लावतात म्हणून मुलं त्यांना पायरीसर म्हणत. ते व्हरांड्यातच थबकले. एक अख्खं कडवं त्यांनी ऐकलं, आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"कॉपी! तीही गाऊन! कोण आहेत या?"

 सूनबाई उभी राहिली. "माझ्या सासूबाई आहेत, सर."

"कट आहे हा!"

"कट नाही हो, किल्ली," दारातून सासूबाई म्हणाल्या. "हिनं पळवली."

"मला शिकवू नका, आजी. तुमच्या सुनेचा पेपर रद्द होणार!"

सूनबाईला कपाटातलं ते पत्र आठवलं. पण चार महिने ती मांडीवर पोर घेऊन ज्या सूत्रांबरोबर जागली होती, त्यांनी आता दगा द्यायचं काही कारण नव्हतं.

"सर, रद्द करायच्या आधी चौथा प्रश्न बघा," ती शांतपणे म्हणाली. "माझा बघा, मग सगळ्यांचा."

पेपर गोळा झाले. सर टेबलाशी उभ्या उभ्याच चाळायला लागले. पहिल्यात नुसतं साइन. दुसऱ्यात नुसतं साइन. पाचव्यात आधी उणे लिहून मग खोडलेलं. नवव्यात तर उणे इतकं खोडलं होतं, की कागदाला भोक पडलं होतं.

"हे का खोडलंस रे?"

"सर, आजी अकरा वेळा म्हणाल्या," पुढच्या बाकावरचा उंच मुलगा पुटपुटला. "एवढ्या खात्रीनं कुणी चुकीचं कसं म्हणेल?"

पंचवीस पेपरांत उणे नव्हतं. सव्विसावा सूनबाईचा. त्यात उणे होतं, चांगलं ठसठशीत, मागेपुढे सगळ्या पायऱ्यांसकट.

पायरीसर खाली बसले. "म्हणजे ज्यांची सासू गात होती, त्याच बाईंनी कॉपी केली नाही."

"मी चुकीचं गायले म्हणता?" सासूबाईंचा चेहरा पडला. "लेकराच्या कानी उणं पडू नये म्हणून गाळलं हो. या सगळ्या पोरांचं वाटोळं केलं की मी!"

सरांना त्यांची दया आली असावी. त्यांनी बाबागाडी पुढे ढकलली. "हा झोका समजा. इथं टोकाला पोचला. आता?" गाडी त्यांनी मागे ओढली. "आता परत येतोय. वेग उलटा झाला. म्हणून उणे. कमीपणा नाही तो, आजी. परत येणं आहे."

सासूबाईंनी गाडी स्वतः एकदा पुढेमागे करून पाहिली. मग सुनेकडे वळल्या. "परत येणं होय! मग हे आधी सांगायचं की. परत येणं का कधी वाईट असतं?"

"सांगितलं असतं, आई. पण हे मलाही आत्ताच कळलं," सूनबाई म्हणाली. सूत्र तिला चार महिने पाठ होतं. त्याचा अर्थ बाबागाडीतून आला.

सर उठले. चौथा प्रश्न सगळ्यांनी पुन्हा लिहायचा, आत्ता, दहा मिनिटांत. एकटी सूनबाई सुटली. तिनं किल्ली सासूबाईंच्या हाती ठेवली आणि दोघी व्हरांड्यात आल्या. ठकीचे डोळे लाल झाले होते, ओठ पुन्हा थरथरत होते. सासूबाईंनी गाडी हलवली, आणि आपल्या खणखणीत आवाजात, आता पुऱ्या खात्रीनं, सुरू केलं :

"कॉस गेली, उणे साइन, नीज गं ठके नीज…"

आत पंचवीस पेनं एकदम सरसरली.

"आजी!" पायरीसर हात वर करून दाराकडे धावले. पण गाडीत ठकीच्या पापण्या मिटत आल्या होत्या. सरांचा हात वरच राहिला. मग तो हळूच खाली येऊन त्यांच्याच ओठांवर टेकला.

"गा," ते कुजबुजले. "पण बारीक आवाजात." आणि चवड्यांवर चालत जाऊन त्यांनी वर्गाचं दार लोटलं.