शंकरनाना आणि बर्फावरचे बूट

शंकरनाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या चपलांकडे. तुम्ही समोर उभे असाल तर नमस्काराला हात जोडता जोडता त्यांची नजर खाली जाते. तुम्ही घरात असाल तर ते दाराबाहेरच थांबतात, तुमची एक चप्पल उचलून उलटी करतात, टाच निरखतात आणि मगच आत येतात. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सर, उजवा गुडगा दुकतोय का?"

दुखत होता. आदल्याच आठवड्यात पुण्यातल्या डॉक्टरांनी दोन फोटो काढून हीच गोष्ट मला सांगितली होती.

"टाच बोलती," नाना म्हणाले आणि चप्पल जोडीला नीट लावून ठेवली.

मी काही सर नाही. आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पण चष्मा आणि पँट असली की नानांच्या लेखी माणूस सर होतो. निवृत्तीनंतर कासार आंबोलीत त्यांनीच विकलेल्या तुकड्यावर मी दोन खोल्या बांधल्या, तेव्हापासून आमचा शेजार आहे. "तुमी अक्षरातल्या चुका बघता, मी चालण्यातल्या," असं म्हणून त्यांनी मला बरोबरीचा दर्जाही देऊन टाकला. आमच्या पलीकडच्या बंगल्यात शनिवार-रविवार एक मोठे साहेब येतात. त्यांचे सायकल चालवायचे बूट परदेशी आहेत हे त्यांनी दोन मिनिटांत नानांना तीनदा सांगितलं. नानांनी एक बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "झिजलाच न्हाई. सायकल कोण चालवतं मग?" साहेब तेव्हापासून मागच्या गेटने येतात.

जमिनी विकल्यावर गावात ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. कुणी फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले, कुणी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला रस्ताभर फलक लावले. एकाने घोडा घेतला. तो घोडा आता कंटाळून दिवसभर एकाच भिंतीकडे बघत उभा असतो. त्यामुळे गेल्या वर्षी नानांनी बर्फावरच्या हॉकीचे बूट घ्यायचं काढलं तेव्हा मी ते याच यादीत टाकलं. साधे बूट नव्हेत. खाली पोलादी पातं असलेले, कॅनडातल्या नातीसाठी, आणि तेही सगळ्यांत वरच्या दर्जाचे. जिथे असे बूट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत असणार तिथे ते मुळशी तालुक्यातून पाठवायचे, हा बेत मला सिंहांच्याही वरचा वाटला.

चहाच्या टपरीवर तर लोकांना करमणूकच झाली.

"काय नाना, मुळशीचं धरण गोटायची वाट बघताय का?"

"गोटंल तवा तुला चपला घालून पळवीन त्याच्यावरनं," नाना म्हणाले. "मग कळंल पातं कशाला लागतं ते."

त्यांनी दोनशे पानी वही केली. मोबाइलवर बघायचं आणि वहीत लिहायचं. महिन्याभरात त्यांचं ज्ञान भीतिदायक झालं. बुटाचा कडकपणा किती असावा, पात्याला मधून खोबण का लागते, नाडीला मेण का लावतात, हे सगळं मी इच्छेविरुद्ध शिकलो. दिल्लीत एक विक्रेता हे बूट बाहेरून मागवतो असा शोध लागला. मग दर रविवारी सकाळी नाना माझ्या व्हरांड्यात बसून, स्पीकर चालू करून त्याला फोन लावत, कारण रेंज माझ्याकडे चांगली येते.

"भाईसाब, टाच कैसा है? टाच! एडी, एडी. अंदर हलता है क्या?"

"नहीं अंकल, एकदम लॉक."

"हलना न्हाई मंगता."

महागडे बूट भट्टीत तापवून पायाच्या आकाराचे करून घेतात हे कळलं त्या दिवशी नाना पौडच्या बेकरीत गेले. भट्टी ऐंशी अंशांवर धरता येते का, अशी चौकशी केली. बेकरीवाला म्हणाला, "नाना, खारी हाय का ती?" नाना रागावले नाहीत. विक्रेत्याने नंतर समजावलं की तापलेला बूट त्याच मुलीच्या पायात घालून पंधरा मिनिटं बसवावं लागतं, तेव्हा कुठे तो तिचा होतो. हे ऐकून नानांनी फोन ठेवला. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

त्यांची खरी अडचण पुढच्या रविवारी माझ्या कानावर पडली. नानांनी नेहमीच्या सवयीने सांगितलं होतं, बूट जरा वाढत्या मापाचा द्या, पोर वाढतं हाय. आपल्याकडे सगळ्यांची लहानपणं वाढत्या मापातच गेली आहेत. पुढे कापूस कोंबायचा आणि चालायचं. विक्रेता म्हणाला, छे, यात वाढतं माप चालतच नाही. बोट पुढे जेमतेम टेकलं पाहिजे. ढिला बूट असेल तर घोटा आत पडतो, मुलाला त्रास होतो.

"शाबास," नाना माझ्याकडे वळून म्हणाले. "ह्या माणसाला पायातलं कळतंय."

"तो अंकल, बच्ची का पैर कितने मिलीमीटर का है?"

नानांनी वहीचं एक पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"कल बताता," ते म्हणाले.

तो 'कल' पाच महिने चालला. दर रविवारी नाना नवी शंका काढत. बुटाची जीभ जाड का पातळ? पातं बदलता येतं का? रंग? आणि दर रविवारी शेवटी पलीकडून एकच प्रश्न येई आणि इकडून एकच उत्तर जाई. मुद्रितं तपासणाऱ्याच्या लक्षात यायला इतका वेळ लागायला नको होता. वहीत सगळं होतं. ज्या पानावर वर 'माप' असं लिहिलं होतं ते तेवढं कोरं होतं.

"नाना, प्रकाशला विचारा ना," मी एकदा म्हटलं.

प्रकाश त्यांचा एकुलता मुलगा, कॅनडातला. चार वर्षांपूर्वी नानी गेल्या तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, मी विमानात बसतोय, दोन दिवस थांबा. नाना थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी माती केली. प्रकाश तिसऱ्या दिवशी एकटाच आला, दहावा होईपर्यंत राहिला, आणि निघताना अंगणात म्हणाला, "दोन दिवस थांबता आलं नाही तुम्हाला." नाना म्हणाले, "तुला चार वर्षं येता आलं न्हाई." मी कुंपणाच्या अलीकडे होतो. दोन्ही वाक्यं मी ऐकली, आणि दोन्हींत मला चूक सापडली नाही. त्यानंतर बाप-लेक बोलले नाहीत.

"त्याला न्हाई इचारणार," नाना म्हणाले. मग मोबाइल काढून त्यांनी मला एक फोटो दाखवला. दोन हिवाळ्यांपूर्वी सुनेने स्टेटसला ठेवलेला. नानांनी तो जपून ठेवला होता. पांढऱ्या बर्फावर शिरस्त्राण घातलेलं एक मूल, हातात काठी. चेहरा दिसतच नव्हता. नानांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि थेट पायांवर नेला.

"दिसतंय का?"

मला बूट दिसले.

"घोटं बघा. दोनी आत पडल्यात. बूट ढिला हाय पोरीचा. त्यानं वाढत्या मापाचा घेतलाय." त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "माज्याकडनंच शिकलाय. त्याला सातवीपतुर मी कवा बरोबर मापाचा बूट घेतला न्हाई. पाय घासत शाळंला जायाचा. म्या म्हणायचो, नीट चाल की."

सिंह आणि घोड्याच्या यादीतून नानांचं नाव मी त्या दिवशी मुकाट्याने खोडलं.

नातीला, इराला, त्यांनी शेवटचं पाहिलं ते ती चार वर्षांची असताना. "तवा पाय येक वीत, तीन बोटं कमी," असं ते हात पसरून सांगत. आता ती बारा वर्षांची. आठ वर्षांत पाय किती वाढतो याचा अंदाज काढायला ते गावातल्या बारा वर्षांच्या मुलींच्या चपला बघत फिरू लागले. शाळेच्या दारात लोकांनी हटकलं, तेव्हा थांबले.

शेवटी विक्रेत्यानेच विषय संपवला. तो म्हणाला, माल संपत आलाय, सोमवारी शेवटची मागणी जाईल. आणि मग, अगदी आदराने, "अंकल, बुरा मत मानना. बच्ची है ना सचमुच?"

नानांनी फोन ठेवला. ते दिवसभर घराबाहेर आले नाहीत.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ते माझ्या दारात आले. माझ्या चपला दारातच होत्या. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"सर, तुमचा फोन द्या. माजा नंबर बघून उचलायचा न्हाई तो. तितं आता सकाळ हाय, सुट्टी हाय."

मी लावून दिला. बराच वेळ वाजला. मग एका मुलीचा आवाज आला.

"हॅलो? बाबा आंघोळ करतोय."

नानांनी स्पीकर लावून फोन तोंडापासून लांब धरला होता, जसा ते नेहमी धरतात. "इरा का? मी आजा बोलतुया."

"कुठले आजोबा? पुण्याचे की गावचे?"

"गावचा."

"ओह." मग, कुणीतरी शिकवल्यासारखं, "नमस्कार आजोबा. कसे आहात?"

"बरा हाय. तुजा पाय केवडा झाला गं? मोजून सांगशील का? तुला बर्फावरच्या हॉकीचं बूट घ्यायचं हाय. एक नंबर. भट्टीत तापवून घालायचं असत्यात, माहीत हाय का तुला?"

"पण मी हॉकी सोडली, आजोबा."

"कवा?"

"खूप आधी. दोन वर्षं झाली. माझे पाय फार दुखायचे. कोच म्हणायचे सवय होईल, बाबापण म्हणायचा. नाही झाली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती. "आता मी फक्त ड्रॉइंग करते."

नानांची वही मांडीवर होती. तिच्यातलं प्रत्येक पान बरोबर होतं. फोटोवरून, दहा-बारा हजार किलोमीटरवरून त्यांनी जे ओळखलं होतं तेही बरोबर होतं. एक फोन करायला त्यांना दोन वर्षं लागली होती. मी आत जाऊन पाणी आणावं असं मनात आलं, पण उठवेना.

"आजोबा? आहात ना?"

"हाय."

"मग मोजू का नको?"

नानांनी वहीतलं ते कोरं पान काढलं. "मोज की. बूट नसला तर नसला. पाय तर हाय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. लांबून दार उघडलं, एका पुरुषाचा आवाज, "कुणाशी बोलतेस?" आणि मुलीचा, "गावच्या आजोबांशी. त्यांना माझा पाय मोजायचाय. पट्टी कुठेय?"

मग काहीच ऐकू आलं नाही. इतका वेळ, की मी दोनदा स्क्रीन बघितली, फोन चालू आहे का म्हणून. चालू होता. नाना वाकून बसले होते आणि त्यांच्या हातातली पेन्सिल त्या कोऱ्या पानावर टेकली होती.

पलीकडून कुणीतरी फोन उचलला. श्वास ऐकू आला.

"तेवीस पूर्णांक दोन," प्रकाश म्हणाला. बाकी काही नाही.

नानांनी ते लिहिलं. आकडा वेडावाकडा आला.

"डावा का उजवा?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"उजवा बी मोज," नाना म्हणाले. "दोनी सारखं नसत्यात. बस खाली, पाय नीट टेकव तिचा. मी थांबतुया."