कोरा नमुना चमकला

नदीचं पाणी चमकलं असतं तर सूनबाई आनंदाने उडाली असती. पण चमकलं ते तिच्या घरच्या विहिरीचं पाणी, आणि तेही प्रयोगशाळेत, साहेबांच्या डोळ्यांदेखत!

तिची पद्धत साधी होती. पाण्यात थेंबभर रसायन टाकायचं आणि यंत्रातून प्रकाश सोडायचा. तणनाशकाचा कण जरी असला तरी पाणी चमकणार, नसला तर मुकाट बसणार. या मुकाट बसण्याच्या कामी, म्हणजे तुलनेसाठी लागणारा कोरा नमुना म्हणून, तिने मोठ्या विश्वासाने घरचं पाणी आणलं होतं. का नाही आणणार? सासरे रोज सकाळी विहिरीभोवतीचं तण स्वतःच्या हातांनी उपटत आणि दिवसभर त्याचं वर्णन ऐकवत.

"दोन वर्षं खपून हे बनवलंत?" साहेब म्हणाले. "याला स्वच्छ पाणीसुद्धा कळत नाही!"

"यंत्र बरोबर आहे, साहेब. पाण्यातच तणनाशक असणार."

"मग विहिरीच्या मालकाची लेखी कबुली आणा. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर यंत्र माळ्यावर!"

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येताच तिने विचारलं, "बाबा, विहिरीपाशी औषध मारलंत का हो?"

"मी? औषध?" सासऱ्यांनी दोन्ही पंजे तिच्या नाकापुढे धरले. "हे हात बघ! वाकून वाकून कंबर गेली माझी, आणि म्हणे औषध!"

सासूबाई लगबगीने तेलाची वाटी घेऊन आल्या आणि त्यांची कंबर चोळू लागल्या, सुनेची नजर चुकवत. कुठेतरी पाणी मुरतंय हे ओळखायला सूनबाईला यंत्र लागलं नाही. तिने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"मीच मारते गं," सासूबाई कुजबुजल्या. "ते दुपारी झोपले की. चष्मा लावायला त्यांना कमीपणा वाटतो. तण राहायचं जागच्या जागी, आणि माझी मिरचीची रोपं मुळासकट बाहेर!"

"अहो आई, पण पाणी!"

"पितो आपण नळाचं. ते बागेपुरतं."

"मग बाबांना सांगून टाका. साहेबांना विहिरीच्या मालकाची लेखी कबुली हवीय, सही त्यांचीच लागणार."

"वेडी की खुळी तू? त्या उपटण्यावर तर जगतात ते. खचतील गं!"

सूनबाई मागच्या पायरीवर जाऊन बसली. दोन वर्षांची मेहनत मिरचीपायी मातीत चालली होती. तिला खरोखरच रडू फुटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकलेले सासरे मागून आले आणि इकडेतिकडे बघत पुटपुटले, "आण तो कागद. करतो सही."

"पण बाबा, तुम्ही तर औषध..."

"ती मारते. पहिल्याच आठवड्यात कळलं मला. बोललो नाही, एवढंच."

"मग रोज सकाळी तासभर वाकून उपटता काय?"

"उपटणार काय, कपाळ! चार महिन्यांत काडी उगवली नाही तिथं." त्यांनी झोकात सही ठोकली. "पण तिथून उठलं की आयती कंबर चोळून मिळते. कशाला नाही म्हणू?"

सूनबाईने डोळे पुसले आणि कागद आधी पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "बाबा, उद्यापासून औषध बंद हं. आईंना मी सांगते."

"अगं, मग तण माजेल की!"

"माजू दे. तुम्ही आहात ना."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे... खरंखुरं उपटायचं?"