मीठवाटेचा पहिला डाव

रविवार, ४ फेब्रुवारी २०१८, दुपारचे ठीक तीन. टेबलावर दोनशे बारा सोंगट्या आणि एकशे चाळीस पत्ते. वाचकहो, तंत्रनिकेतनात शिकलेला मनुष्य माहितीपुस्तिका संपूर्ण वाचल्याशिवाय कोणतेही यंत्र सुरू करत नाही, आणि पटावरचा खेळ म्हणजे यंत्रच! आमच्या जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग शहराच्या मीठ-व्यापाऱ्यांवर बेतलेली ही नवी ‘मीठवाट’ मी सकाळपासून सज्ज करत होतो. प्रत्येक पत्त्याला पारदर्शक प्लास्टिकचा अंगरखा चढवला होता. चूक होणे अशक्यच!

ती परवडणारीही नव्हती. माझा जुना सहकारी हेरिबर्ट याने बजावले होते, "आन्सगार, तुझे नियम ऐकता ऐकता माझी दाढी वाढते. रविवारी पाचच्या आत पहिली चाल पडली नाही, तर पट कायमचा बंद. आपण पत्ते कुटू!" त्याची बहीण गुंडुला आणि माझी पत्नी रोझविथा या दोघींनी तत्परतेने हात वर केले होते. आमच्या इतक्या वर्षांच्या पटाचे भवितव्य पणाला लागले होते.

मी वाचू लागलो.

"पान अकरा. मीठ ओले झाल्यास..."

"ओले होईलच कशाला?" हेरिबर्टचा गुडघा टेबलाखाली शिवणयंत्रासारखा थडथडत होता.

"ते पान एकोणीसवर येईल."

"तोवर मी वर जाईन!"

"नमनालाच घडाभर तेल!" गुंडुला करवादली. "अरे, खेळता खेळता कळेल ना!"

"खेळता खेळता कळायला ही लगोरी नव्हे!"

इतक्यात साडेचार वाजले. मी तत्काळ उठलो. हिवाळ्यात ठरल्या वेळी पाच मिनिटे घराच्या साऱ्या खिडक्या सताड उघडल्या नाहीत, तर भिंतींना बुरशी धरते. हे कलम घरमालकाच्या करारातही आहे आणि माझ्या रक्तातही! कोणीही हरकत घेतली नाही. उलट रोझविथाने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मी अगदी समोरची दिवाणखान्याची उघडली.

वारा आरपार घुसला. कबुतरांवर खडा पडावा तसे सगळे पत्ते फडफडत उठले आणि मिठाची अख्खी बाजारपेठ तिसऱ्या मजल्यावरून अंगणात उतरली!

"पळ!" हेरिबर्ट ओरडला. "अर्धाच तास उरलाय!"

मी सपाता घालून धावलो, जिन्यावरून बूट घालायला परतलो, दुहेरी नाड्या बांधण्यात दहा मिनिटे घालवून पुन्हा धावलो. अंगणात एकही पत्ता नव्हता! कचऱ्याच्या डब्यांपाशी तळमजल्यावरचे शेजारी टेवेस हात झटकत उभे होते.

"काळजी नको," ते अभिमानाने म्हणाले. "सगळे वेचले. प्लास्टिक सोलून पिवळ्या डब्यात, कागद निळ्यात!"

माझी सकाळ पिवळ्या डब्यात पडली होती. पण माझ्या तोंडून काय निघावे?

"निळ्यात? अहो, या पत्त्यांवर प्लास्टिकचा मुलामा आहे! ते इतर कचऱ्याच्या काळ्या डब्यात जातात!"

"कार्ड म्हणजे कागद! आणि हळू बोला, आज रविवार आहे, शांततेचा दिवस."

"नखाने खरवडून बघा!"

"नगरपालिकेचे पत्रक आणतो, थांबा!"

वरून गुंडुलाने हाक मारली, "आन्सगार, पत्ते मिळाले का?"

"मिळाले! आधी डबा कुठला ते ठरू दे!"

"अरे, तुला ते टाकायचेत की खेळायचेत?"

टेवेस पत्रक घेऊन येत होते. वर खिडकी बंद झाली. आम्ही पत्रक दोनदा वाचले. मुलाम्याचा मुद्दा माझाच खरा ठरला. मी विजयी मुद्रेने निळ्या डब्यात कंबरेपर्यंत वाकलो, एकूण एक पत्ता बाहेर काढला आणि दमछाक करत वर पोचलो.

दारातच ऐकू आले.

"अठरा!"

"आहे."

"वीस!"

स्काट या पत्त्यांच्या खेळाची बोली चालली होती. त्या खेळाला तीनच माणसे लागतात.

"आलास?" रोझविथा हातातल्या पानांवरून नजर न काढता म्हणाली. "कॉफी तेवढी गरम कर."

घड्याळात पाच वाजून बावीस मिनिटे झाली होती. मीठवाटेवर पडलेल्या चाली: शून्य.