छताची पूड आणि तिचे योग्य दळण

नमुन्यात एकूण चारशे बारा कण होते. त्यांपैकी तीनशे चौऱ्याहत्तर निरुपद्रवी, आणि अडतीस अँफिबोलचे तंतू. एका शाळेच्या छतावरून पडलेली ही पूड. अहवाल येईपर्यंत वर्ग बंद होता, आणि हे कण मोजणाऱ्या विश्लेषक मुलीची भाची त्याच वर्गात शिकत होती.

अँफिबोल हे खनिज मोठे मिळूनमिसळून राहणारे. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या दोन साखळ्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या; मधल्या जागांत लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम, जो येईल त्याची सोय होते. (प्रयोगशाळेला आजवर दुसरी खुर्चीही मंजूर झालेली नाही.) ते रूपांतरित खडकांत, अग्निज खडकांत आणि जुन्या इमारतींच्या छतांत सापडते. कधी त्याचे केसाहून बारीक तंतू होतात, यांनाच अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात, आणि ते फुप्फुसात शिरले की मुक्काम हलवत नाहीत.

"नमुना दळला होता का?" प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारले.

"नाही साहेब. दळला की तंतू तुटतात."

"तुटला तर तो तंतू कसला?"

प्रयोगशाळेच्या नियमानुसार पाच मायक्रॉनहून लांब आणि रुंदीच्या तिपटीहून लांब असेल तोच तंतू. बाकी सगळे साधे कण. नमुना मोजण्यापूर्वी दळून एकजीव करावा, असेही नियम सांगतो. किती वेळ, ते सांगत नाही. ही उणीव साहेबांच्या तीस वर्षांच्या अनुभवाने भरून काढली होती.

पहिल्या दळणानंतर तंतू उरले अकरा. दुसऱ्यानंतर दोन. तिसऱ्यानंतर एकही नाही, आणि यंत्र मात्र चांगलेच तापले. (कणांची संख्या दोन हजारांवर गेली, पण कण मोजण्याचे शुल्क शाळेने भरले नव्हते.)

"साहेब, पूड आहे तेवढीच आहे," ती म्हणाली. "उलट आता जास्त उडेल."

"मग खिडकी लावा. आणि सही करा."

तिने सही केली नाही. साहेबांनी केली, त्यांचा हात बसलेला होता.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"काय गं, काय आलं?"

"ताई, अहवालात शून्य आहे. पण खरे अडतीस आहेत. तिला पाठवू नकोस."

"शून्य आहे ना? मग झालं तर! दुसरी शाळा कुठे आहे माहितेय तुला? रोज कोण सोडणार, तू? तुझं एक नेहमीचंच आहे, चांगल्या गोष्टीत खुसपट काढायचं."

पालकसभेत तिने अडतीसचा आकडा सर्वांसमोर सांगितला. सभेला आपल्यासारखेच समंजस लोक होते. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि शाळा सकाळची भरणार की दुपारची, एवढेच विचारले. वर्ग सुरू करण्याचा ठराव हात वर करून झाला. बाजूने दोनशे सहा, विरुद्ध एक. ती पालक नसल्यामुळे तो हात हिशेबात धरला गेला नाही.

वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी भाची शाळेतून थेट मावशीकडे आली आणि गळ्यात पडली.

"मावशी, आमच्याकडे वरून पीठ पडतं! बाई म्हणाल्या, झटकून टाका."

मावशीने तिच्या बाहीवर चिकटपट्टी दाबली, उचलली आणि सकाळी ती न दळता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

एका चौरस सेंटिमीटरमध्ये तंतू: एकवीस. सर्वांत लांब: चौदा मायक्रॉन.