सामाईक शून्य

चिंचोली बंधाऱ्यावरच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने मंगळवारी सकाळी पाणीमापक सेन्सरची तार लावून घ्यायला नकार दिला. तसं त्याने कनिष्ठ अभियंता रेवती ढमढेरेला तोंडावर सांगितलं. दुपारी वरच्या धरणातून पाणी सुटणार होतं आणि बंधाऱ्याखाली कोष्ट्यांची चाळीस घरं होती. पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की सेन्सरने कळवायचं आणि बोर्डाने भोंगा वाजवायचा, अशी कामाची वाटणी.

रेवतीने स्टूल ओढलं. "अडचण काय आहे?"

"त्याची बॅटरी वेगळी, माझी वेगळी," बोर्ड म्हणाला. "तो पाच व्होल्टांत बोलतो. मला तीन पॉइंट तीनच्या वर सोसत नाही. शिवाय व्होल्ट जिथून मोजायचे ते त्याचं शून्य कुठे आणि माझं कुठे, हे कुणी ठरवलंय?"

"माझा आवाज पहिल्यापासून असाच आहे," सेन्सर पाण्यातल्या खांबावरून म्हणाला.

इस्माईल मुजावर पंचवीस वर्षं तिथली पाण्याची पातळी पट्टीवर वाचत होते. "मॅडम, जोडून टाका की. एका तारेचा तर प्रश्न."

"नको, चाचा. हा जळाला तर भोंगा कोण वाजवणार?"

तिने दोन्ही बॅटऱ्या बंद केल्या आणि आधी दोघांच्या शून्याच्या तारा एकत्र बांधल्या. "आजपासून शून्य सामाईक," तिने जाहीर केलं. कुणी हरकत घेतली नाही. मग सेन्सरच्या तारेवर दोन रेझिस्टर बसवून तिने त्याचा आवाज उतरवला. बोर्डाला जोडण्याआधी एकट्या सेन्सरला चालू करून मीटर लावला. तीन पॉइंट तीन.

"हळू बोलायचं म्हणजे कमीपणा वाटतो," सेन्सर म्हणाला.

"खाली लेकरंबाळं आहेत, बाबा," मुजावर म्हणाले.

"आणखी एक," बोर्ड बंद असूनही म्हणाला. "मी बंद असताना याने बोलायचं नाही. नको तिथून करंट अंगात शिरतो."

"चालू करताना आधी तू. बंद करताना आधी तो." रेवतीने हा नियम कागदावर लिहून बोर्डाच्या पेटीच्या झाकणाला चिकटवला. सेन्सर बंद केला, तार जोडली, मग ठरल्या क्रमाने दोघांना चालू केलं.

साडेतीनला पाणी खुणेला लागलं. सेन्सर हळूच बोलला. भोंगा वाजला. कोष्टी माग तसेच टाकून, म्हाताऱ्यांना धरून टेकडीवरच्या शाळेत गेले. चार वाजता तेरा घरांत कमरेएवढं पाणी होतं आणि माणूस एकही नव्हता. तेव्हा कुठे रेवती स्टुलावर बसली. मुजावरांनी तिच्या हातात चहाचा कप दिला, पण सोडला नाही, खालून धरून ठेवला.

बुधवारी तिने अहवाल पाठवला. गुरुवारी तो वरिष्ठांकडून परत आला. सेन्सरची सही राहिली होती. रेवती होडीने खांबापर्यंत गेली आणि सही घेऊन आली.