इरण्णा मास्तरांचे डबे

आपण शेजाऱ्याकडे विरजण मागतो, शिडी मागतो, फार तर सकाळचं वर्तमानपत्र मागतो. इरण्णा मास्तर ढ मूल मागायचे.

गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं, की सामान उतरायच्या आत ते दारात हजर. अंगात खादीचा सदरा, कपाळाला विभूती, खिशातून डोकावणारी कानस. गाव कोणतं, नोकरी कुठे, असली चौकशी नाही. सरळ प्रश्न. "तुमच्याकडं एखादं ढ पोरगं हाय का हो?"

एका गृहस्थाने डोक्यावरची ट्रंक खाली ठेवून त्यांची गचांडी धरली होती. मास्तर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "नसलं तर न्हाई म्हणा की. हात कशाला लावता?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात गिरणीच्या मागे आमची गल्ली होती. आता मी ऐंशी ओलांडली आहे, आणि हे लिहायला एक कारण घडलं आहे. शहरात मंदगतीने शिकणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. तिथे अंक शिकवायला वाळू भरलेले, गोधडीत गुंडाळलेले डबे वापरतात. त्यांना तिथे 'काळ्यांचे डबे' म्हणतात. काळे म्हणजे मी; पहिले डबे तिथे मी नेऊन दिले होते. मध्यंतरी त्या शाळेने मला शाल आणि नारळ दिला, आणि मी ते घेऊन हसत फोटोला उभा राहिलो. ते डबे मी केलेले नाहीत. ते इरण्णा मास्तरांचे. त्यांत माझं काही असेलच, तर ते एक खोटं आहे.

आम्ही त्या गल्लीत राहायला आलो तेव्हा मास्तरांनी मलाही विचारलं. मी म्हणालो, "नाही. आम्हाला मूलबाळ नाही."

त्या वेळी आतल्या खोलीत माझी सात वर्षांची सुधा भिंतीला पाठ लावून बसली होती.

सुधा उशिरा चालली, उशिरा बोलली, आणि शाळेने तिला पहिल्याच वर्षी घरी पाठवलं. आधीच्या घरी शेजारची मुलं तिच्या चालीची नक्कल करत, आणि त्यांच्या आया माझ्या बायकोला, कुसुमला, उपास सुचवत. नव्या जागेत ते पुन्हा सुरू होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. कुसुमने एकदाच विचारलं, "किती दिवस लपवायचं हो?" मी म्हणालो, "बघू." शेजारच्या मागाचा खटखटाट भिंतीतून आम्हाला ऐकू यायचा. म्हणजे आमच्या घरातले आवाजही त्यांना जात असणार. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मास्तर मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, शाळेत मराठी. बिगरीचा वर्ग त्यांनी आयुष्यभर शिकवला आणि मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणत, "हुशार पोरं मास्तराशिवाय शिकतात. आमाला पगार ढ पोरांसाठी असतोय. आणि मी काय केलं? त्यांनाच मागं बसवलं. वर छडी दिली." मग कानस काढून हातातल्या लाकडाकडे वळत.

बायको लवकर गेलेली, मूल नाही. पुढच्या खोलीत चूल आणि खाट, मागच्या खोलीत कारखाना. गिरणीतल्या वाया गेलेल्या सुताची जाड दोरी वळून ते फळीवर अक्षरं चिकटवत, म्हणजे पोराने बोट फिरवत 'ग' गिरवावा. ढब्बू बटणं लावायच्या फळ्या. कुठलाही तुकडा कुठेही बसेल असं लाकडी कोडं.

"मास्तर, कुठलाही तुकडा कुठंही बसला, तर ते कोडं कसलं?" मी विचारलं.

"खेळण्यानं पोराला 'चुकलास' म्हणायचं न्हाई. ते म्हणायला गल्ली हाय की."

अडचण एकच होती. खेळणी भरपूर आणि खेळायला कुणी नाही. हुशार पोरं यायची, दोन मिनिटांत कोडं सोडवायची आणि गोळी मागायची. मास्तर त्यांना हाकलत. ढ पोरं घरोघरी असणारच, पण दारात विचारून ती मिळायची नाहीत. मग मास्तरांनी तोड काढली. मोठ्या माणसांना ढ बनवायचं.

गिरणीच्या बॉयलरवर वापरतात ते जाड कातडी हातमोजे त्यांनी कुठून तरी आणले होते. येणाऱ्याला ते घालायला लावायचे, समोर आरसा ठेवायचा, आरशातच बघत बटण लावायला सांगायचं. पोस्टमनला त्यांनी तीनदा असा बसवला. चौथ्यांदा तो रस्त्यावरूनच ओरडला, "मास्तर, पत्र फेकतोय! मी आत यायचा न्हाई!"

"अहो, पाणी तरी प्या!"

"हातमोजे घालून पाजाल तुमी!"

शेवटी गल्लीत एकटा मी उरलो. मी कचेरीत टायपिस्ट. माझी बोटं इतकी चपळ, की मास्तरांना मला ढ बनवण्यात विशेष गोडी. रविवारी सकाळी मी जायचो. खरं कारण आता सांगायला हरकत नाही. मला ती खेळणी हवी होती. "सरावाला नेतो," म्हणून मी एकेक घरी आणायचो.

"न्या की," मास्तर म्हणत. "घरी निवांत नापास व्हा."

घरी ती सुधाकडे जायची. ती त्यांचं काय करते ते मी बघायचो आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या नावावर सांगायचो.

आधी ते माझ्यावर नाराज असत. "तुमी नाटक करता, वसंतराव. ढ माणूस असा चुकत न्हाई. तुमी हुशार माणसासारखे चुकता." पण सुधाच्या चुका मी सांगू लागलो, तशी त्यांची तक्रार बंद झाली. ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहत.

अशातच डबे आले. किराणा दुकानातले रिकामे गोल डबे, सगळे एकसारखे, झाकणं पक्की बंद. आत वाळू. एकच्या डब्यात थोडी, दोनच्यात दुप्पट, असं पाचपर्यंत. उचलायचे आणि हलक्यापासून जडपर्यंत ओळीने लावायचे. अंक डोळ्याला कळत नसेल तर हाताला कळू दे, ही कल्पना.

सुधाने ओळ लावलीच नाही. तिने सगळे उचलून पाहिले, सर्वांत जड डबा मांडीवर घेतला आणि त्याला थोपटू लागली.

रविवारी मास्तरांनी विचारलं, "काय केलं डब्यांचं?"

मी बिचकत म्हणालो, "पाचचा डबा मांडीवर घेतला."

"कुणी?"

"मी."

"बरं. मग?"

"मग... थोपटला."

मला तेव्हा चांगल्या भरघोस मिशा होत्या. दारात दूधवाला उभा होता, तो फिस्सकन हसला. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"गाणं म्हटलं काय?"

"नुसतं गुणगुणलं."

"आणि बाकीचे डबे?"

"ते शेजारी निजवले. त्यांना पांघरूण नव्हतं म्हणून... म्हणून मला जरा वाईट वाटलं."

"हौद, हौद," मास्तर कानडीत पुटपुटले, म्हणजे होय, होय. आनंद झाला की ते कानडीत जात. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "भाळ चलो! लई छान, वसंतराव! गार पत्र्याचं लेकरू कोण मांडीवर घेईल? माझ्या डोक्यातच आलं न्हाई बघा!"

पुढच्या रविवारी पाचही डबे जुन्या लुगड्याच्या गोधडीत शिवलेले होते. टाके वाकडेतिकडे, मास्तरांनी स्वतः घातलेले. प्रत्येकाच्या पाठीवर सुताच्या दोरीचा अंक. घरी नेले तर सुधाने त्यांना एकेक करून पोटाशी धरलं. हा हलका, हा जड, हा त्याहून जड. त्यांची नावं आम्ही सांगितली. काही आठवड्यांनी कुसुमने मला स्वयंपाकघरातून हाक मारली. सुधा डबे निजवत होती आणि प्रत्येकाला नावाने दटावत होती. "एक, झोप. दोन, झोप." पाचपर्यंत. क्रमाने. कुसुम पदराने डोळे पुसत म्हणाली, "जाऊन सांगा त्यांना."

मी गेलो आणि सांगितलं, "मास्तर, मला पाचपर्यंत आकडे येऊ लागले."

काय बोललो हे माझं मलाच कळलं, तोवर उशीर झाला होता. मास्तर हसले नाहीत. मी परत आणलेला एक डबा त्यांनी हातात घेतला, गोधडीच्या टोकावरून अंगठा फिरवला. तिथे चावल्याच्या खुणा होत्या.

"दात बारीक हायत हो तुमचे, वसंतराव."

"हो," मी म्हणालो. "लहानपणापासून."

"असू दे, असू दे." आणि ते कानस शोधू लागले.

त्यानंतर त्यांनी विकतचा रंग फेकून दिला आणि खेळण्यांना हळद आणि बीट लावू लागले. फळ्यांचे कोपरे गोल झाले. खेळण्यांच्या मुठी इतक्या लहान झाल्या की माझी दोन बोटंही त्यांत मावेनात. "तुमच्या हाताला बरं पडंल," असं म्हणून ते मला द्यायचे आणि मी "हो, बरं पडेल," म्हणून घ्यायचो. आणि नव्या बिऱ्हाडांच्या दारात जाऊन विचारणंही त्यांनी थांबवलं होतं. आमच्या दारावरून जाताना मात्र त्यांची चाल मंद व्हायची. कधी चपलेचा अंगठा नीट करायला थांबायचे. चप्पल धडधाकट असायची.

असं बरेच दिवस चाललं. मग त्यांचे हात थरथरू लागले. "आता मला हातमोजे लागत न्हाईत," म्हणाले, "घरचाच ढ झाला." पण कानस धरवेना. मैंदर्गीहून बहिणीचा निरोप आला, इकडेच या म्हणून. त्यांनी खोली रिकामी केली, खेळण्यांचं पोतं माझ्याकडे पाठवलं, आणि निघायच्या दिवशी हातात वळकटी घेऊन त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच आमच्या दारात आले, निरोपाला.

"बसा ना, मास्तर."

"एस्टीची वेळ झाली. उभ्या उभ्याच जातो."

तेवढ्यात आतला पडदा हलला आणि सुधा बाहेर आली. खांद्यावर पाचचा डबा. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. आणि मी, त्या वेळीसुद्धा, घाईघाईने म्हणालो, "ही माझ्या भावाची मुलगी. माळशिरसला असतो तो. चार दिवस आलीय."

मला भाऊ नाही.

मास्तरांनी वळकटी खाली ठेवली. "असं का," म्हणाले. "लई लांबनं आली की पोरगी." आणि ज्यांना एस्टीची घाई होती, ते उंबऱ्याच्या आत जमिनीवर मांडी घालून बसले.

सुधा अनोळखी माणसाजवळ जात नसे. ती गेली. तिने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांचे हात थरथरतच होते, त्यामुळे डबा आपोआप डुलू लागला. सुधा वाकून बघत राहिली. तिला ते फार पसंत पडलं.

"काय नाव ह्याचं?" मास्तरांनी विचारलं.

"पाच."

"गुणाचा हाय काय?"

"रडतो."

"मग आता?"

सुधाने त्यांच्या हातांकडे बघितलं. "आता झोपला."

मास्तर तसेच बसून राहिले. एस्टी चुकली असणार. कुसुमने चहा केला, तो त्यांनी एका हाताने घेतला, दुसरा हात डब्याखालून काढला नाही. शेवटी त्यांनी डबा सुधाच्या खांद्यावर अलगद दिला आणि भिंतीला धरून उठले.

दाराबाहेर आल्यावर म्हणाले, "वसंतराव, तुमच्या भावाला एक सांगा. म्हणावं, एकदा पोरीला घेऊन मैंदर्गीला या. एस्टी आमच्या दारातच थांबती." मग माझ्याकडे न बघता, "माळशिरसवरनं लांब पडंल. हितनं मात्र जवळ हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळपासून सुधा पुढच्या दारात बसू लागली. मास्तर गेले त्या बाजूला तोंड करून. तिला आत ने, असं मी कुसुमला म्हणालो नाही. काही दिवसांनी पोस्टमन तिला "काय सुधाबाई" म्हणू लागला. नाव त्याला कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. गल्लीतल्या कुणीच आश्चर्य दाखवलं नाही. आश्चर्य वाटून घेणारा एकटा मीच होतो.

हे मास्तरांना जाऊन सांगायचं, असं मी सारखं ठरवायचो. कधी कचेरीचं काम निघे, कधी ऊन फार असे. खरं म्हणजे तिथे जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच जमत नव्हतं. त्यात वर्ष गेलं, त्यावर आणखी काही महिने गेले. शेवटी एका रविवारी सुधाला चांगला फ्रॉक घातला आणि आम्ही दोघं निघालो. वाटेत मी ते वाक्य मनाशी घोकत होतो.

एस्टी खरंच दारात थांबली. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई ज्वारी पाखडत होत्या. "यार्री? कोण पायजे?" त्यांनी विचारलं. मी मास्तरांचं नाव सांगितलं. त्यांचं सूप थांबलं. मास्तर उन्हाळ्यातच गेले, म्हणाल्या. बहीण लेकीकडे राहायला गेली.

मग त्यांनी सुधाकडे नीट निरखून बघितलं.

"एस्टी आली की ते बाहेर येऊन उभे ऱ्हायचे. रोजच. म्हणायचे, माळशिरसची एक पोरगी यायची हाय. हीच काय ती?"

"नाही," मी म्हणालो. "ही सोलापूरची. माझी मुलगी."